चिनी भांड्यावरचा ड्रॅगन कसा वाचायचा

जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवायला काढला की माळ्यावरच्या पेटाऱ्यातून कधी कधी निळी-पांढरी चिनी बशी निघते. बशीवर ढगांतून वळसे घेणारा ड्रॅगन असतो. घरातलं कुणीतरी त्याच्या पंजाची नखं मोजतं आणि सांगून टाकतं, "पाच आहेत, म्हणजे बादशहाची." या वाक्यात निम्मं तथ्य आहे आणि त्या निम्म्या तथ्यापायीच माणसं फसतात. भांडं कोणत्या मानाच्या माणसासाठी काढलं, हे ड्रॅगन सांगतो. ते घडलं कधी, हे बूड सांगतं. एकाची साक्ष दुसऱ्याच्या नावावर खपवली की हिशेब चुकलाच. म्हणून आधी बूड, मग शिक्का आणि ड्रॅगन शेवटी. डोळा आधी ड्रॅगनकडेच धावतो, त्याला थोडा आवर घालावा लागतो.

हातात घेण्याआधी

टेबलावर गोधडी चौपदरी घालून अंथरा. अंगठ्या, बांगड्या, कडं काढून ठेवा. उचलताना एक हात बुडाखाली आणि दुसरा अंगाला असू द्या. काठाला, कानाला किंवा झाकणाच्या गुंडीला धरून उचलू नका, कारण जुनी दुरुस्ती बहुतेक वेळा तिथेच असते आणि जुनं चिकटकाम अचानक सुटतं. सुती हातमोजे नकोत, झिलईवरून, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरावरून, ते निसटतात. हात साबणाने धुऊन कोरडे केले की पुरे.

सोबत १० पटीचं भिंग हवं, सराफ बाजारात हिरा बघायला वापरतात तेच. एक छोटा एलईडी टॉर्च, नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च, शिवणकामाची टेप आणि वही घ्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. इथेही तेच करायचं. भांडं एका हाताच्या तळव्यावर मोकळं धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने काठाखाली हलकेच वाजवा. अखंड पोर्सेलीन, म्हणजे पक्क्या भाजलेल्या पांढऱ्या चिनी मातीचं भांडं, घंटेसारखं वाजतं आणि नाद थोडा रेंगाळतो. बद्द आवाज आला तर केसासारखी बारीक चीर असण्याचा संभव आहे. नाण्याने किंवा नखाने वाजवू नका. मोठ्या, जाड बरणीला ही परीक्षा लागू पडत नाही, ती धडधाकट असली तरी बद्दच वाजते.

मग खोलीत अंधार करून जांभळा उजेड फिरवा. नवा रंग, राळ आणि डिंक मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. ड्रॅगनच्या नाकाडावर किंवा शेपटीवर असा वेगळा डाग दिसला, तर तो भाग मागाहून रंगवलेला आहे असं समजा आणि त्या भागावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

बूड

भांडं उपडं करा. भट्टीत ते ज्या कडीवर उभं होतं ती कडी बहुतेक वेळा झिलईविना असते. आतली माती उघडी दिसते ती एवढ्याच जागी. चीनच्या दरबाराची भांडी ज्यांग्शी प्रांतातल्या जिंगदेझेन इथे घडत. तिथली माती पांढरी, बारीक, दळलेल्या तांदळासारखी गुळगुळीत असते. जवळच्या गाओलिंग टेकडीच्या नावावरूनच या मातीला केओलिन हे नाव पडलं. भट्टी १३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापायची. एवढ्या आचेत मातीतलं थोडंसं लोह झिलईच्या कडेशी जमून नारिंगी-तपकिरी रेघ उमटते. मिंग राजघराण्याच्या काळातल्या पुष्कळ भांड्यांवर ती दिसते.

कडीवर बोट फिरवा. त्यानंतरच्या छिंग घराण्याच्या काळातल्या दरबारी भांड्यांची कडी माशाच्या पाठीसारखी गोलाईने घासलेली असते, बोटाला कुठे टोचत नाही. स्वस्त मालाची कडी धारदार आणि किरकिरी असते, तिला वाळूचे कण चिकटलेले असतात. आता भिंगातून झीज बघा. शंभर-दोनशे वर्षं फळीवर सरकत आलेल्या भांड्याची झीज असमान असते: एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, ओरखडे वाटेल त्या दिशेला. मुद्दाम जुनं केलेल्या भांड्यावर मळ सगळीकडे सारखा बसलेला दिसतो, कारण तो चहाच्या पाण्याने नाहीतर मातीने चोळलेला असतो. अॅसिडने मारलेली झिलई साऱ्या अंगावर एकसारखी निस्तेज होते. खऱ्या वापरात असं होत नाही, खोलगट जागी मूळची चमक उरतेच.

शिक्का

बुडाच्या मध्यावर बहुधा निळ्या दुहेरी वर्तुळात चार किंवा सहा चिनी अक्षरं असतात. वाचन उजव्या ओळीपासून, वरून खाली. सहा अक्षरांत पहिलं "दा", म्हणजे थोर: हातपाय पसरून उभ्या माणसासारखं. दुसऱ्या अक्षरावरून घराणं कळतं. डावीकडे आडव्या रेघेचा उभा चौकोन म्हणजे सूर्य आणि त्याला खेटून चंद्र असेल, तर ते "मिंग" (१३६८ ते १६४४). डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतील तर "छिंग" (१६४४ ते १९११). पुढची दोन अक्षरं राजवटीचं नाव सांगतात आणि शेवटची दोन "या काळात घडवलं" एवढंच. चार अक्षरांच्या शिक्क्यात घराण्याचं नाव गाळलेलं असतं.

नेहमी भेटणाऱ्या राजवटी पाठच करून टाका: श्वानदे १४२६ ते १४३५, चंगह्वा १४६५ ते १४८७, ज्याजिंग १५२२ ते १५६६, वानली १५७३ ते १६२०, कांग्शी १६६२ ते १७२२, योंगझेंग १७२३ ते १७३५, छ्येनलुंग १७३६ ते १७९५, ग्वांगशू १८७५ ते १९०८. छ्येनलुंगचा शिक्का बहुधा मोहरेच्या चौकटी लिपीत असतो, दोन-दोन अक्षरांच्या तीन ओळींत.

शिक्क्यावर मात्र विसंबून राहू नका. जुन्या राजवटीचं नाव नव्या भांड्यावर घालणं चीनमध्ये शेकडो वर्षं चालत आलं, कधी पूर्वजांच्या आदरापोटी, कधी विक्रीसाठी. कांग्शीच्या काळात घडलेल्या कितीतरी भांड्यांवर चंगह्वाचा शिक्का आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मालावर कांग्शीची चार अक्षरं तर सर्रास सापडतात. १६७७ साली जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाच्या राजवटीचं नाव घालायला मनाई केली होती, भांडं फुटलं तर नावाचा अपमान नको म्हणून. त्यामुळे त्या सुमाराच्या कित्येक भांड्यांच्या बुडाला नुसतं रिकामं दुहेरी वर्तुळ किंवा एखादं पान असतं. रिकाम्या वर्तुळाला नकली समजून बाजूला सारू नका. रोमन लिपीत देशाचं नाव छापलेलं असेल, तर माल बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे तेव्हापासून देशाचं नाव घालणं भाग पडलं.

अक्षरं भिंगाखाली धराच. ब्रशने लिहिलेल्या रेघेत निळा कुठे साचतो, कुठे विरतो, आणि रेघ संपताना अणकुची दिसते. छापील शिक्क्यात वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की पुढचं बघायचीही गरज नाही.

नखं

आता ड्रॅगन. पंजा नीट कळला नाही तर बाकीचं कळूनही उपयोग होत नाही, म्हणून इथे घाई करू नका.

चौदाव्या शतकात, मिंगच्या आधीच्या युआन घराण्याच्या दरबाराने दोन शिंगांचा, पाच नखांचा ड्रॅगन सामान्यांना वर्ज्य केला. मिंग आणि छिंग काळात हा दंडक आणखी घट्ट झाला. पाच नखांचा तो "लुंग", बादशहाचा. चार नखांचा तो "मांग", सरदार-उमरावांचा. दिसायला दोघे सख्खे भाऊ, फरक एका नखाचा. ब्रिटिश म्युझियममधली १३५१ सालची प्रसिद्ध निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची जोडी एका मंदिराला वाहिलेली होती. तिच्यावरच्या ड्रॅगनला चारच नखं आहेत.

मोजताना चारही पंजे वेगवेगळे मोजा. पाचवं नख पुष्कळदा टाचेकडे, अंगठ्यासारखं मागे वळलेलं असतं आणि ढगाच्या किंवा लाटेच्या रेघेत मिसळून जातं, म्हणून घाईत चारच दिसतात. एखादा पंजा ढगाआड गेला असेल तर वहीत "दिसत नाही" असं लिहा, अंदाजाने भरू नका. एका पंजाला पाच आणि दुसऱ्याला चारच काढलेली निघाली, तर चित्र बहुधा नकलाकाराचं आहे. दरबारी भट्टीत अशी चूक भिंतीवर आपटून फुटायची. जिंगदेझेनच्या झूशान टेकडीत नाकारलेल्या दरबारी भांड्यांचे फोडून पुरलेले ढीगच्या ढीग गेल्या शतकाच्या अखेरीस उत्खननात निघाले. तुकडे जोडून त्यांतली पुष्कळ भांडी पुन्हा उभी केली आहेत.

आणखी एक खूण जवळून बघण्यासारखी आहे. काही खऱ्या दरबारी भांड्यांवर पाचवं नख मुद्दाम खरवडलेलं असतं. भांडं महालाबाहेर, कमी मानाच्या घरी गेलं की एक नख काढून टाकायचं, मग ते बाळगायला हरकत नाही. टॉर्च बाजूने, अगदी तिरका धरा. खरवडलेल्या जागेवर झिलईचा लकाकणारा पडदा तुटतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा निस्तेज डाग दिसतो. त्यावरून बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते. कधी निळ्याचा पुसट अंश उरलेला असतो. असा डाग दिसला तर ते वैगुण्य समजून भरून घेऊ नका. पंजाचा अख्खा इतिहास त्या एका डागात आहे.

"चीनची पाच, कोरियाची चार, जपानची तीन" ही म्हण फार ऐकू येते. जपानी ड्रॅगनला बहुधा तीन नखं असतात, हे खरं. पण कोरियाच्या जोसॉन दरबाराच्या पांढऱ्या बरण्यांवर तीन, चार आणि पाच, तिन्ही प्रकार सापडतात. शिवाय एकोणिसाव्या शतकात चीनमधल्या खाजगी भट्ट्या पाच नखं सर्रास काढू लागल्या, आणि १९११ नंतर तर अडवणारंच कुणी उरलं नाही. म्हणजे पाच नखं असली तर भांडं दरबारी असू शकतं, एवढंच म्हणता येतं. तीन किंवा चार असली तर ते बादशहाच्या स्वतःच्या पंगतीचं नव्हतं, असं बरंच निश्चित म्हणता येतं.

कण्याची परीक्षा

मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरच्या काट्यांच्या रांगेवरून बोट चालवा. शरीर पिळा खाऊन ढगामागे जातं आणि पलीकडून बाहेर येतं. बाहेर येताना पाठ पाठच राहिली पाहिजे आणि पोटाचे आडवे पट्टे पोटाकडेच. जाणत्या चित्रकाराला ढगाआडचं शरीर मनात दिसत असतं. नकलाकार तुकडे तुकडे उतरवतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वळशाला काटे पोटाकडे जातात किंवा शेपूट नको तिथून उगवते. नखं मोजून जे कळत नाही ते या एका परीक्षेत पुष्कळदा कळतं.

बाकीचं अंग चिनी परंपरेने नऊ प्राण्यांवरून बेतलं आहे: शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, मान सापाची, खवले कार्प माशाचे, नखं गरुडाची, पंजे वाघाचे, कान बैलाचे, डोळे राक्षसाचे, पोट शिंपल्याचं. खवले नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१, असं ग्रंथात सांगितलं आहे. भांड्यावर ते मोजत बसू नका, चित्रकारांनीही मोजले नव्हते.

काळागणिक चेहरा बदलतो. युआन ड्रॅगनचं डोकं लहान, मान बारीक आणि अंग लवचिक. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा ड्रॅगन छाती भरलेला आणि जोमदार. त्या वेळचा कोबाल्ट, म्हणजे निळा रंग देणारं खनिज, बाहेरून आणलेला असल्याने निळ्यात काळपट ठिपके झिलईत रुतलेले दिसतात. अठराव्या शतकात हे ठिपके ब्रशने मुद्दाम टिपून काढले, पण ते एका पातळीवर आणि सारख्या अंतरावर पडतात. वानलीच्या सुमाराचा ड्रॅगन डुकरासारखं नाकाड वर करून असतो, आणि चित्रात गर्दी असते. कांग्शीचा दांडगा, रागीट. छ्येनलुंगचा रेखीव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंग सैल पडतं आणि डोळे बटबटीत होतात.

पंख आणि माशाची शेपटी असलेला, किंवा हत्तीच्या सोंडेसारखं नाक वर वळवून तोंडात कमळाची वेल धरलेला ड्रॅगन दिसला, तर थोडं थांबा. बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेलेल्या मकराची ती छाया आहे. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरातल्या मकरमुखाशेजारी त्याचं चित्र धरून बघा, नातं समजावून सांगावं लागत नाही.

पवित्रा आणि सोबतची चित्रं

समोरून थेट आपल्याकडे बघणाऱ्या ड्रॅगनचा मान सगळ्यात मोठा, बादशहाच्या झग्यावर छातीशी हाच असतो. बाकीचे वर झेपावणारे, खाली उतरणारे, चालणारे किंवा गोल वेटोळ्यातले. दोघे मिळून ज्वाळा निघणाऱ्या मोत्यामागे धावत असले तर तो नेहमीचा दरबारी विषय. ड्रॅगनसोबत फिनिक्स असेल तर जोडी बादशहा आणि राणीची, म्हणून विवाहप्रसंगी हे वाडगे शोभतात. तळाशी पाण्यातून उडी मारणारा मासा आणि वर ड्रॅगन असेल, तर परीक्षेत उत्तीर्ण होऊन अधिकारपदी पोचलेल्या विद्यार्थ्याचं ते रूपक: ड्रॅगन-दारावरून उडी मारणारा कार्प ड्रॅगन होतो.

लाटा आणि ढग नुसती सजावट म्हणून सोडून देऊ नका. चिनी ड्रॅगन आग ओकणारा राक्षस नाही. पाऊस, नदी आणि पूर त्याच्या हाती असतात. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं यावरून पूर मोजणाऱ्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

रंगावरून दर्जा

छिंग महालात कोणत्या राणीला कोणत्या रंगाची भांडी मिळायची, याचा लेखी नियम होता. राजमाता आणि पट्टराणीला आतून-बाहेरून पिवळी. पहिल्या दर्जाच्या उपराणीला बाहेरून पिवळी, आतून पांढरी. त्याखालच्या दोन दर्जांना पिवळ्यावर हिरवा ड्रॅगन. त्यानंतर निळ्यावर पिवळा, मग हिरव्यावर जांभळा, आणि त्याहून खालच्या दर्जाला बहुरंगी भांड्यांवर लाल ड्रॅगन. हा नियम मिंग भांड्यांना लावू नका, त्या काळी ही वाटणी नव्हती.

पिवळ्यावरचा हिरवा ड्रॅगन दोनदा भाजला जाई. आधी ओल्या मातीत रेघा कोरून मोठ्या आचेत, मग शिसं असलेले रंग भरून सुमारे ८०० अंशांना. म्हणून हिरव्याखाली कोरीव रेघ बोटाला लागली पाहिजे. रेघ नुसती काळ्या रंगाने काढलेली असेल तर भांडं या पद्धतीचं नाही. जुन्या रंगाभोवती तिरक्या उजेडात शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी सप्तरंगी झाक दिसते. तीही नकली करता येते, तेव्हा एकट्या झाकेवर भिस्त ठेवू नका.

घरात सापडतं ते बहुधा काय असतं

आपल्याकडच्या कपाटांतला "चिनी ड्रॅगन टी-सेट" पुष्कळदा जपानी निघतो. राखाडी-काळ्या पार्श्वभूमीवर ड्रॅगन उठावाचा असतो, मेंदीच्या कोनातून काढावा तसा, आणि नखं तीन. कप रिकामा करून उजेडाकडे धरा. काहींच्या तळात मातीच्या कमीजास्त जाडीतून जपानी स्त्रीचा चेहरा उमटतो. तसा चेहरा दिसला तर विसाव्या शतकातला निर्यातीचा माल, शंका नको.

पांढऱ्या, साध्या दिसणाऱ्या वाडग्यालाही टॉर्च लावा. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून झिलईखाली इतक्या हलक्या हाताने ड्रॅगन कोरत की तो मागून उजेड आल्याशिवाय दिसत नाही. अशी भांडी नीट न बघताच दहीवाटी म्हणून वापरली जातात.

धुणं, ठेवणं, नेणं

प्लास्टिकच्या टबात तळाला पंचा घाला, कोमट पाणी आणि दोन थेंब सौम्य साबण. एका वेळी एकच भांडं. चिंच, लिंबू, राख किंवा पितळ घासायची पावडर लावू नका. झिलईवरचे रंग मऊ असतात, आम्लाने ते निस्तेज होतात आणि सोनेरी रेघ एका घासण्यात जाते. त्या रंगांत शिसं असतं, म्हणून जुन्या रंगीत भांड्यात लोणचं, कोकम किंवा दही ठेवू नका, खाण्यात शिसं उतरतं. बशी भिंतीवर लटकवायची तारेची स्प्रिंग काठाला सतत ताण देते आणि त्याने चीर पडू शकते. बश्या एकावर एक ठेवायच्या असतील तर मध्ये फ्लॅनेलचा तुकडा घाला, वर्तमानपत्र नको.

शंका उरली तर खरा नमुना बघून यावा. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी एका दिवसात बघून परत येता येतं. जाताना आपल्या भांड्याचे पाच फोटो न्या: पूर्ण बूड, शिक्का जवळून, कडी तिरक्या उजेडात, चारपैकी प्रत्येक पंजा दिसेल असा एक, आणि ड्रॅगनचं डोकं. सोबत उंची आणि काठाचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहा. भांडं शंभर वर्षांहून जुनं निघालं तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या नातेवाइकांच्या सामानातूनही नाही.